उंबरठ्यावरचं ‘बेस हाये’

त्या जाहिरातीत माहा भाऊ हासून राह्यला हाये. मांडीवर गेमचा रिमोट, बोटं नसलेला उजवा हात कॅमेऱ्याच्या सामोर, अन् तोंडभर हासू. खाली मोठ्या अक्षरात लिहेल हाये : ‘एक हात. पुरी मजा.’ ते पाह्यलं का माहं डोकंच सरकते. मी एसटीत कंडक्टर. दिवसभर गर्दीत उभी राह्यते, अन् माह्याच गाडीत, माह्याच सामोर बसलेला प्रवासी मोबाइलवर माह्याच भावाले पाह्यते. वरून मलेच म्हनते, “बाई, हा तुमच्या मेडशीचा पोरगा ना? काय जिद्द हाये राजेहो!” जिद्द म्हने! वाटते का तिकिटाची मशीन उचलून त्याच्या डोक्यात घालावी. पन डेपोत जबाब द्या लागते, म्हनून गप राह्यते.

माहं नाव पौर्णिमा. संघदीप माह्या पाठचा. आमचं घर मेडशीले, स्टँडच्या मांगं. बाबा गेल्यावर मी नोकरी धरली अन् संघदीपनं मजुरी. एका सोयाबीनच्या सीजनमंधी तो थ्रेशरवर कामाले गेला. कापलेलं सोयाबीन ओलं होतं, मशीनच्या तोंडात अडकून राह्यलं होतं, अन् मालक मांगून वरडत होता, “ढकल लेका, ढकल, आभाळ भरून आलं!” यानं ढकललं. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राह्यला. दरसाली सोयाबीन निघालं का आमच्या भागात असे हात जातेत. पेपरात एखादी ओळ येते, ते बी आली त आली.

अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आल्यावर त्यानं तो हात खिशात घातला तो घातलाच. जेवाले बसे त भिताडाकडं तोंड करून. कोनी सामोरून आलं त जय भीम घालाले हात जोडा लागते, म्हनून चौकातून जाच नाई, मांगच्या गल्लीतून फिरून जाये. माय रडे, मी वरडो, त्याले कायचाच फरक पडे नाई.

मंग मामाच्या पोरानं त्याले आपली जुनी गेमची मशीन देल्ली, टीव्हीले जोडाची. रिमोट मांडीवर ठेवून, डाव्या हातानं अन् उजव्या अंगठ्यानं तो खेळाले लागला. त्या मशीनमंधी एक सोय होती. कोनतं बटन काय काम करन, हे आपल्या मनानं बदलता ये. रिमोटच्या मांगून जे बटन बोटानं दाबा लागतेत, त्याइचं काम त्यानं पुढच्या बटनाइले देऊन टाकलं. एक दिवस मोटारीच्या शर्यतीत त्यानं मामाच्या पोराले हारवलं, अन् खुशीच्या भरात दोन्ही हात वर केले. दोन्ही! माय चुलीवरची भाकर तशीच टाकून पाह्याले आली. भाकर जळली, कोनी काई बोललं नाई. त्या दिवसापासून हात खिशाच्या बाहीर आला. म्हनून आमच्या घरात गेमले कोनी टाइमपास म्हनत नाई.

पुढं त्यानं स्टँडवर मोबाइल दुरुस्तीची टपरी टाकली, अन् संगं व्हिडिओ बनवाले लागला. नवी गेम आली, नवी मशीन आली का महिनाभर वापरून पाह्याची अन् आपल्या बोलीत सांगाचं. ‘संमिश्र अनुभव’, ‘एकंदरीत समाधानकारक’ असली भाषा त्याच्या तोंडात नाईच. शेवटी दोनातलं एक : “घ्या” नाईतर “नोका घेऊ”. लोकं त्याचं आयकत. हात गेलेले लोकं त जास्तच. रिसोडकून, मानोऱ्याकून, बुलढान्याकून फोन येत : “भाऊ, माह्या हाताले कोनती चालन?” हा टपरी बंद करून त्याइच्याशी बोलत बसे.

असं सारं बेस चाललं होतं, अन् तिथं ही कंपनी कडमडली. तिचं नाव मी घेत नाई, घेतलं त तिचीच जाहिरात. तिची नवी गेमची मशीन बाजारात येनार होती. ‘छोट्या गावांसाठी, प्रत्येक घरासाठी’ असं त्याइचं म्हननं. बाजारात याच्या आधी वापरून मत सांगा म्हनून त्याइनं संघदीपकडं एक मशीन धाडली.

संघदीपनं तिची अशी तपासनी केली का लग्नासाठी कोनी पोरगा पाह्यत नसन. चित्र पाह्यलं, आवाज पाह्यला. दोन्ही एक नंबर, तसं त्यानं मोकळ्या मनानं म्हनलं. लाइन गेली का खेळ कुठवर राह्यते ते पाह्यलं. राह्यत नव्हता, सारा पुसून जाये. आमच्याकडं लाइन त दिवसातून कितीदा जाते ते एमएसईबीलेच ठाऊक. एक दिवस मायनं मशीनवर भरतकामाचा रुमाल टाकला, धूळ बसू नये म्हनून. मशीन तापून बंद पडली. माय बिचारी घाबरली, “माह्यानं बिघडली काय रे?” संघदीप म्हने, “माय, चूक तुही नाई, मशीनची हाये. आपल्याकडं कोनत्या घरात टीव्हीवर, मिक्सरवर, फ्रिजवर रुमाल नाई? गावासाठी बनोली म्हनतेत, त गावातलं एखादं घर त पाह्याचं!”

पन हे सारं बारीक-सारीक. खरी गोष्ट रिमोटची होती. ही मशीन खेळ सुरू कराच्या आधी मांगचे दोन्ही बटन एका टायमाले दाबून धराले लावे. शर्यतीत बी वळनावर तेच दाबा लागत. अन् बटनाचं काम बदलाची सोय नाई. सेटिंगमंधी सारं धुंडलं, नाई म्हनजे नाई. ज्याले बोटं नाई त्याले खेळ सुरूच करता येत नाई, दरवेळी कोनाले तरी हाक मारा लागते. संघदीप रिमोट खाली ठेवून म्हने, “ताई, ज्यानं हे ठरवलं त्याचे धाही बोटं शाबूत असतीन.”

मंग कंपनीचे लोकं मत घ्याले घरी आले, कॅमेरा घेऊन. त्याइच्यातला एक चष्मेवाला बोलाले भल्ला गोड. मायनं पोहे केले, चहा केला. त्या दिवशी माही सुट्टी होती, मी तिथंच बसेल होती, म्हनून छातीवर हात ठेवून सांगते. संघदीपनं एकूनएक सांगतलं. रुमालाचं, लाइनचं, बटनाचं. शेवटी म्हनला, “हात गेलेल्या मानसासाठी ही मशीन नाई. बटन बदलाची सोय द्या, मंग ‘प्रत्येक घरासाठी’ म्हना. तवर मी ‘नोका घेऊ’च म्हनीन.” चष्मेवाला मान डोलवत म्हने, “सर, एकदम योग्य मुद्दा.” मंग म्हने, “थोडं खेळून दाखवता?” संघदीप म्हने, “मंग मांगचे बटन तुमी दाबा. मले येत नाई.” तो बाजूले बसला, त्यानं बटन दाबले, अन् संघदीप खेळला. जिंकला, हासला. जिंकल्यावर कोनीबी हासते.

आता याच्या पुढचं जे हाये, ते आमच्याच मातीतल्या मानसाच्या हातून होऊ शकते. आमच्याकडं पाहुना निघाला का उंबरठ्यावर त्याच्या वस्तूले कोनी नाव ठेवत नाई. त्यानं आनलेले पेढे आंबून गेले असतीन, तरी दारात हात जोडून “बेस हाये” म्हनाचं. जे काय बोलाचं, भांडाचं, ते घरात बसून बोलून झालेलं असते. दारात फक्त गोड बोलाचं अन् वाटेले लावाचं. मी बी हेच करते, माय बी हेच करते, आमच्या शेजारचे पाटील बी हेच करतेत. चष्मेवाला चपला घालता-घालता म्हने, “मग सर, एकंदरीत कसं वाटलं?” संघदीपनं हात जोडले. “बेस हाये, बेस हाये. मस्त हाये. या पुन्हा.” खांद्यावरचा कॅमेरा चालूच होता. आमच्या कोनाच्या ध्यानातच आलं नाई.

जाहिरातीत एवढंच हाये. खेळतानाचं संघदीपचं हासनं, अन् मंग “बेस हाये. मस्त हाये.” मांगचे बटन दाबनारा चष्मेवाला कापून टाकला. ‘या पुन्हा’ बी कापून टाकलं. अन् खाली ते : ‘एक हात. पुरी मजा.’ हलकटपना नाई त काय हाये हा? पोहे खाऊन गेले लेकाचे!

संघदीपनं फोन केला. चष्मेवाला तसाच गोड, “सर, शब्द तर तुमचेच आहेत ना? आम्ही एकही शब्द बदललेला नाही.” मी फोन हिसकून घेतला अन् दोन-चार शब्द असे सुनावले का ते बदलाची बी गरज नव्हती. त्यानं फोन ठेवला. संघदीपनं आपला व्हिडिओ टाकला, साफ सांगतलं : “नोका घेऊ. मले मांगचे बटन दुसऱ्यानं दाबून देल्ले होते.” कोन पाह्यते तो? जाहिरात जिकडं-तिकडं, अन् हा व्हिडिओ गावातल्या गावात. वरून लोकं खाली लिहितेत, “नाव झालं, आता भाव खाऊन राह्यला.” माह्या अंगाचा तिळपापड होये, अन् हा म्हने, “जाऊ दे ताई. ज्याइले माह्यावर भरोसा हाये, ते फोन करतीनच.”

ज्याइले भरोसा होता, त्याइनं फोन केलाच नाई. कायले करतीन? त्याच्या तोंडून आयकलं होतं ना!

हे मले आसेगावच्या गाडीत समजलं. आसेगावले एक मानूस चढला, धोतर-टोपी, मांडीवर मोठं खोकं. मी खोक्यावरचं चित्र पाह्यलं अन् वळखलं. “काका, हे कुठं घेऊन चालले?” म्हने, “वापस कराले, मंगरूळले. दुकानदार घेते का नाई, देव जाने.” मी म्हनलं, “बिघडली काय?” तो म्हने, “मशीन चांगली हाये बाई. माह्या पोरीतच दम नाई. तिचा हात मांगच्या सीजनले थ्रेशरमंधी गेला. कॉलेज सोडलं, घरातून निंघत नाई, ओढनीतून हात काढत नाई. मोबाइलवर ते मेडशीचं पोरगं पाह्यलं, म्हनलं हिलेबी घेऊन देतो, जरा उभारी येईन. त्याले एका हातानं जमते, हिले सुरूबी करता येत नाई. रोज बसे, रोज रडे. आता म्हनते, बाबा, माहा हातच कामाचा नाई, घेऊन जा ते.”

खरं सांगते, मी तिकीट द्याचं विसरली. मांगून लोकं वरडून राह्यले, “ओ बाई, आमचं तिकीट!” मी म्हनलं, “थांबा जरा!” मंग त्या काकाले म्हनलं, “ते पोरगं माहा भाऊ हाये. अन् त्याले बी येत नाई.” त्यानं दुसरं आयकलंच नाई. त्याच्या तोंडावर उजेड पडला. हात जोडून म्हने, “मंग त्याले घेऊन या न बाई! एकडाव शिकवन माह्या पोरीले. वैभवी तिचं नाव. मी जगदेव.” खोकं घेऊन तो पुढच्याच थांब्यावर उतरला अन् वापस आसेगावले गेला. मंगरूळले गेलाच नाई.

घरी येऊन मी सारं सांगतलं. संघदीप आयकत होता. आयकता आयकता त्यानं उजवा हात खिशात घातला. मायनं पाह्यलं, मी पाह्यलं. इतक्या वर्षानं! मी वरडली, “ज्याइनं कापलं त्याइले लाज नाई, अन् तू हात लपवतं? काढ बाहीर!” तो म्हने, “तिथं जाऊन मी काय शिकवू ताई? येतच नाई ते मले.” मी म्हनलं, “ते मले नोको सांगू. ती पोरगी सोताले नालायक समजून राह्यली, तुह्या दोन शब्दापायी. उद्या माही सुट्टी हाये. चूपचाप चालाचं.”

दोन गाड्या बदलून आमी आसेगावले पोचलो. संघदीपनं संगं आपली जुनी मशीन पिशवीत घेतली होती. मी सकाळच्या गाडीसंगं निरोप धाडला होता, त जगदेव काकानं अर्धी गल्ली गोळा करून ठेवली होती, जाहिरातीतला पोरगा येनार म्हनून. त्याइची बायको चतुराबाई चहा ठेवाले आत गेली. वैभवी दाराच्या कोपऱ्यात, उजवा हात ओढनीच्या आत. आमच्याकडं पाहेच नाई. काका तिले म्हने, “पाह्य, याचा हात बी तुह्यासारकाच हाये. पाह्य कसा खेळते!” मले त्या काकाचा बी राग आला. पन त्याच्या मनात काई वाईट नव्हतं, हे बी दिसत होतं.

संघदीप खाली बसला. रिमोट मांडीवर घेतला. डाव्या हातानं मांगचं एक बटन दाबलं, दुसरं गुडघ्यानं दाबाले गेला, त रिमोट घसरला. पुन्हा घेतला. हनुवटी लावली. पुन्हा घसरला, फरशीवर आपटला. गल्लीतली एक बाई फिसकन हासली. काका पुढं सरकला, “आना, मी धरतो बटन.” संघदीप म्हने, “नोका धरू काका. जाहिरातीत बी दुसऱ्यानंच धरले होते. त्याले कापलं.”

त्यानं रिमोट पुन्हा उचलला. घामानं कपाळ भिजलं. गुडघा, हनुवटी, कोपर, सारं लावून कसातरी खेळ सुरू झाला. पहिल्याच वळनावर मोटार रस्ता सोडून गेली. पुन्हा सुरू केला, पुन्हा गेली. माह्या भावाले मी इतकं हारताना कधी पाह्यलं नाई, अन् ते बी परक्या दारी, इतक्या लोकाइच्या सामोर. मले वाटे, आता बस झालं, उठ. तो उठला नाई. पाक हारून झाल्यावर त्यानं रिमोट खाली ठेवला अन् मोठ्यानं म्हनला, “मले येत नाई. आपल्यासारक्या हाताचं कोनालेच येनार नाई. खोट मशीनमंधी हाये.”

कोपऱ्यातून आवाज आला, “येत नाई?”

“नाई.”

वैभवी उठून सामोर आली. डोळे लाल. “मंग बेस हाये काहून म्हनलं?”

संघदीप म्हने, “पाहुने निघाले होते. दारात म्हनून बसलो.”

“दारात म्हनून बसले?” पोरगी वरडली. “मी रोज सोताले शिव्या देऊन राह्यली! बाबा म्हनतेत त्याले जमते, तुले काहून नाई. मले वाटे माह्यातच काई कमी हाये. अन् तुमी दारात म्हनून बसले! तोंड कायले देल्लं हाये मानसाले? खरं बोलता येत नव्हतं?” चतुराबाई चहाचा ट्रे घेऊन आत आली अन् तिथंच थांबली. “वैभे, हळू बोल व, पाहुने हायेत.” वैभवी फिरून तिच्यावरच कडाडली, “असू दे पाहुने! याइच्या पाहुन्यानंच घात केला न!”

बोलता बोलता तिचे दोन्ही हात बाहीर आले होते. तिच्या ध्यानात नव्हतं. काका तोंड उघडं टाकून पाह्यत होता. माहं म्हनाल, त इतक्या दिवसात पह्यल्यांदा माह्या जिवाले थंडक पडली. हेच, नेमकं हेच मले त्या चष्मेवाल्याच्या तोंडावर बोलाचं होतं.

संघदीप म्हने, “चूक माही हाये. तुही नाई. हे तुले सांगाले आलो.” मंग पिशवीतून जुनी मशीन काढली, टीव्हीले जोडली, अन् बटनाचं सेटिंग उघडून म्हनला, “इच्यामंधी बटन बदलता येतेत. सांग, कोनतं कुठं पाह्यजे?” वैभवीनं बराच वेळ तोंड फुगवून ठेवलं. मंग खाली बसली, अन् उजव्या अंगठ्यानं एक बटन दाखवून म्हनली, “मांगचं इथं पाह्यजे.” त्यानं बदलून देल्लं. ती त्याच्याशी दोन शर्यती हारली, पन सुरू तिनंच केल्या, कोनाले हाक मारली नाई. गल्लीतली गर्दी कंटाळून आपापल्या घरी गेली. जुनी मशीन संघदीपनं तिच्याजवळच ठेवली, अन् नव्या मशीनचं खोकं आमी संगं घेतलं. ते दुकानदाराच्या काउंटरवर आपटाचं काम माह्याकडं होतं, अन् ते मी दुसऱ्या दिवशी मनापासून केलं.

निघालो. जगदेव काका अन् चतुराबाई उंबरठ्यापर्यंत आले. चतुराबाईचा चहा म्हनजे काय सांगू, नुसता पाक! पाहुन्याले साखर कमी पडू नये म्हनून तिनं हात आखडला नव्हता, माहे दोन्ही ओठ एकमेकाले चिकटून राह्यले होते. आमी चपला घालत असताना तिनं रीतीनं इचारलंच, “चहा कसा झाला होता बापू?”

संघदीपनं हात जोडले. तोंड उघडलं. ‘बेस’ ओठावर येऊन ठेपलं होतं, मले दिसलं. त्यानं मांगं पाह्यलं. वैभवी दारात उभी राहून त्याच्याच तोंडाकडं पाह्यत होती.

“साखर लय झाली होती मावशी,” तो म्हनला.

चतुराबाईचा हात तोंडावर गेला. काका माह्याकडं पाह्याले लागला, मी आभाळाकडं.

“मी त हिले रोजच सांगून राह्यली!” वैभवी म्हनली, अन् खळखळून हासली. हासता हासता ओढनी खांद्यावरून घसरून खाली पडली. ती तिनं उचलली नाई.